आजार जाणार नाही हे कळल्यावर प्रार्थनेत मागायचे तरी काय?

ओंजळ

सर्वांना ख्रिस्तामध्ये सलाम.

मला नऊ वर्षांपासून संधिवात आहे. वयोमानाने होणारा नव्हे, तर शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांना शत्रू समजून त्यांच्यावर उलटते, तो. निदान झाले तेव्हा मी चौतीस वर्षांची होते. औषधांनी आजार आटोक्यात राहतो, पण जात नाही आणि जाणारही नाही, हे डॉक्टरांनी पहिल्याच वर्षी स्पष्ट सांगितले होते. ते माझ्या मनात उतरायला मात्र बरीच वर्षे लागली. दर शुक्रवारी रात्री मेथोट्रेक्सेट हे संधिवाताचे औषध घ्यावे लागते आणि शनिवार मळमळीत जातो. रोज सकाळी बोटे मोकळी व्हायला तास-दीड तास लागतो, आणि तोवर मला पवित्र शास्त्राचे पानही उलटता येत नाही.

सुरुवातीची तीन वर्षे आमच्या चर्चच्या मंडळीने माझ्यासाठी मनापासून प्रार्थना केली. काहींनी उपास केले, मंडळीच्या वडिलांनी (ज्येष्ठ सेवकांनी) घरी येऊन डोक्यावर हात ठेवले, आणि त्या काळात मला खरोखरच आधार वाटला. पुढे हळूहळू एक अवघडलेपण आले. एका बाईंनी अगदी प्रेमाने विचारले, "तुमची साक्ष कधी ऐकायला मिळणार?" (साक्ष म्हणजे देवाने बरे केल्याचे सर्वांसमोर सांगणे.) दुसऱ्या एकाने सुचवले की एखादे पाप कबूल करायचे राहून गेले आहे का, हे मी तपासून पाहावे. आजही आजाऱ्यांच्या यादीत माझे नाव आहे, पण ते वाचताना वाचणाऱ्याचा आवाज सपाट होतो, आणि त्याला मी दोष देत नाही. उलट बरी न होऊन मीच या सगळ्यांच्या प्रार्थनेला खोटे पाडते आहे, अशी एक विचित्र अपराधी भावना माझ्या मनात घर करून बसली आहे.

गेल्या वर्षभरात मी बरे होण्यासाठी प्रार्थना करणे थांबवले आहे. ठरवून नव्हे, एके दिवशी लक्षात आले की बरेच महिने मी ते मागितलेलेच नाही. मग प्रश्न पडला की हा अविश्वास म्हणायचा का, आणि मागणेच काढून टाकले तर प्रार्थनेत उरते काय. आणखी एक प्रश्न आहे, तो विचारायला मला संकोच वाटतो. कधीकधी रात्री दुखत असताना एखादे वचन आठवते आणि खरोखर शांत वाटते. ती शांती देवाकडून आलेली असते, की थकलेल्या मनाने स्वतःचीच घातलेली समजूत असते?

ज्यांनी दीर्घ आजार स्वतः भोगला आहे किंवा जवळून पाहिला आहे, त्यांनी उत्तर द्यावे, अशी विनंती आहे. कोणी चमत्काराने बरे झाल्याची हकिकत किंवा एखादा रामबाण उपाय कृपया सांगू नये. दोन्ही मी पुष्कळ ऐकले आहे.

तिसरी खुर्ची

ताई, सलाम. माझी दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली असून सहा वर्षांपासून मी आठवड्यातून तीन वेळा डायलिसिसला जातो. प्रत्येक वेळी चार तास, शक्यतो एकाच खुर्चीत. माझे येथील नाव त्यावरूनच घेतले आहे. हाताला दोन सुया असतात, त्यामुळे एक हात हलवता येत नाही, आणि पाने उलटण्याची अडचण मला चांगलीच परिचयाची आहे.

पहिल्या वर्षी मी अभिवचनांची एक वही केली होती. बरे करण्याविषयीचे जेवढे म्हणून वचन सापडेल तेवढे तीत उतरवले होते आणि खुर्चीत बसलो की ते ओळीने म्हणत असे. वर्ष संपता संपता त्या वहीचा मला राग येऊ लागला, कारण प्रत्येक वचन म्हणजे न वटलेला धनादेश आहे असे वाटे. ती वही मी फाडली नाही, पण बाजूला ठेवली, आणि दुसरे काही सुचेना म्हणून स्तोत्रसंहिता पहिल्या स्तोत्रापासून वाचायला घेतली. तेव्हा प्रथमच लक्षात आले की दीडशे स्तोत्रांत तक्रारीची स्तोत्रे किती आहेत. आपल्या गायनात आणि भिंतीवरच्या तक्त्यांत ती फारशी येत नाहीत, म्हणून आपल्याला ती ठाऊक नसतात. तेराव्या स्तोत्राच्या पहिल्या दोनच वचनांत "कोठवर?" हा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला आहे, आणि विचारणाऱ्याला कोणी गप्प केलेले नाही.

पण माझा खरा सोबती अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र आहे. तक्रारीची इतर बहुतेक स्तोत्रे शेवटी कुठेतरी वळण घेतात. "तरीही मी तुझी स्तुती करीन" असा सूर येतो. हे स्तोत्र वळतच नाही. हेमानाच्या नावावर असलेले हे गाऱ्हाणे रात्रंदिवस आरोळी मारण्यापासून सुरू होते आणि अंधारात संपते. मूळ इब्री भाषेत त्याचा शेवटचा शब्दच अंधार असा आहे. ज्यांनी हा संग्रह जुळवला त्यांना ते वगळता आले असते, निदान शेवटी एखादी आशेची ओळ जोडता आली असती. त्यांनी तसे केले नाही. मला त्यात दिलासा वाटतो तो एवढ्याचसाठी की, अंधारात संपणारी प्रार्थनाही प्रार्थनाच धरली गेली. आणि एक बारीक गोष्ट पाहा: तो माणूस देवाविषयी बोलत नाही, सबंध स्तोत्रभर देवाशीच बोलतो.

मागण्याविषयी म्हणाल तर माझे मागणे संपले नाही, आखूड झाले. नवे मूत्रपिंड मिळावे हे मी वर्षातून एखाद्या वेळी मागत असेन. एरवी, आजच्या चार तासांत रक्तदाब कोसळू नये, सुई पहिल्याच प्रयत्नात लागावी, घरी गेल्यावर बायकोवर चिडण्याइतका मी थकलेलो नसावा, एवढेच मागतो. रानात इस्राएलांना मान्ना (आकाशातून मिळणारे अन्न) मिळत असे तो त्या दिवसापुरता, आणि उद्यासाठी साठवला तर त्यात किडे पडत. लहानपणी ती गोष्ट मला लोभाविषयीची वाटे. आता वाटते की ती दीर्घ आजाराविषयीची आहे.

शांती खरी की मनाची समजूत, याचे सिद्ध करता येईल असे उत्तर माझ्यापाशी नाही. एवढेच सांगतो की माझ्या मनाने स्वतःसाठी समजूत रचली असती तर ती अशी रचली नसती. त्या समजुतीत मी बरा झालो असतो, निदान पाणी पोटभर पिऊ शकलो असतो. (डायलिसिसवरच्या माणसाला पाणी मोजून प्यावे लागते, तहानेवरची स्तोत्रे वाचताना मी किती वेगळ्या अर्थाने वाचतो, हे आपल्या लक्षात येईल.) मला मिळालेली शांती माझ्या कोणत्याच मागणीला उत्तर देत नाही. ती नुसती शेजारी येऊन बसते. तिला काय म्हणायचे ते आपण ठरवा.

निवृत्त सेवक

ताई, पस्तीस वर्षे मी पाळक म्हणून सेवा केली. सर्वप्रथम, आपल्याला पापाची चौकशी करायला सांगणाऱ्या त्या व्यक्तीच्या वतीने मी क्षमा मागतो, आणि हे नुसते सौजन्य नव्हे. तरुणपणी एका अंथरुणाला खिळलेल्या गृहस्थांना मीही जवळपास तेच सांगितले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि भिंतीकडे तोंड वळवले. ते आज नाहीत, त्यामुळे त्यांची क्षमा मागण्याची संधी मला राहिली नाही.

योहानाच्या नवव्या अध्यायात शिष्य जन्मांध माणसाविषयी हाच प्रश्न विचारतात: पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? येशू दोन्ही पर्याय नाकारतो. हे वचन प्रत्येक पाळकाला पाठ असते आणि आजाऱ्याच्या खाटेपाशी पोहोचेपर्यंत आम्ही ते विसरतो. असे का होते याचा मी पुष्कळ विचार केला आहे. मला वाटते, कारण शोधणे ही धडधाकट माणसाची गरज असते. कारण सापडले की, आपल्यावर ही पाळी येणार नाही, असे त्याला मानता येते.

सर्वस्व गमावून आजारी पडलेल्या ईयोबाचे मित्र आपण नेहमी खलनायक म्हणून उभे करतो, पण अलीफज, बिल्दद आणि सोफर हे तिघेही दूरवरून आले, त्याला पाहून मोठ्याने रडले आणि सात दिवस व सात रात्री एक शब्दही न बोलता त्याच्याजवळ जमिनीवर बसले. तेवढे सात दिवस ते उत्तम पाळक होते. त्यांनी तोंड उघडले आणि सगळे बिघडले. पुढचे जवळजवळ तीस अध्याय ईयोब देवाशी भांडतो आणि मित्र देवाची बाजू मांडतात; मात्र बेचाळिसाव्या अध्यायात परमेश्वर म्हणतो की तुम्ही माझ्याविषयी यथार्थ बोलला नाहीत, माझा सेवक ईयोब बोलला. त्यानंतर जे घडते त्याकडे माझे लक्ष फार उशिरा गेले. परमेश्वर त्या तीन निरोगी माणसांना ईयोबाकडे पाठवतो, यासाठी की ईयोबाने त्यांच्यासाठी प्रार्थना करावी. त्या क्षणी ईयोबाची परिस्थिती पालटलेली नाही. ती त्याने मित्रांसाठी प्रार्थना केल्यावर पालटते. म्हणजे ज्याच्यासाठी सगळ्यांनी प्रार्थना करायची असे आपण धरून चालतो, त्याच्याकडेच येथे प्रार्थनेचे काम सोपवलेले आहे. आपण मंडळीवरचे ओझे आहात असे आपल्याला वाटते. मला वाटते, मंडळीने आपल्याकडे मागायला यायला हवे होते.

आता आपल्या मुख्य प्रश्नाकडे येतो. मागणे थांबवणे हा अविश्वास नाही. प्रेषित पौलाच्या शरीरात, त्याच्याच शब्दांत, एक काटा होता. तो नेमका कोणता आजार होता यावर शतकानुशतके तर्क झाले आहेत आणि निर्णय लागलेला नाही. तो दूर व्हावा म्हणून पौलाने तीन वेळा विनंती केली, "माझी कृपा तुला पुरे आहे" एवढे उत्तर त्याला मिळाले, काटा तसाच राहिला, आणि पौलाने तो विषय तेथेच सोडला. गेथशेमाने बागेतही, मत्तयाच्या वृत्तांताप्रमाणे, येशूने हा (दुःखाचा) प्याला टळून जावा म्हणून तीन वेळा प्रार्थना केली आणि मग तो उठला. कितीदा मागावे याचा हा नियम नव्हे. विधवेने न्यायाधीशाचा पिच्छा पुरवल्याचा दाखलाही शुभवर्तमानात आहेच. पण मागून झाल्यावर मागणे खाली ठेवता येते, आणि ते खाली ठेवणाऱ्यांत खुद्द प्रभू आहे, हे आपण लक्षात घ्यावे.

पौलाच्या सोबत्यांचेही पाहा. एपफ्रदीत मरणाच्या दारी जाऊन बरा झाला. त्रफिमाला मात्र पौलाने आजारी स्थितीतच मिलेत येथे मागे ठेवले, आणि त्याचे पुढे काय झाले ते पत्रात नाही. तीमथ्याच्या वारंवार होणाऱ्या दुखण्यांसाठी त्याने विश्वास वाढवण्याचा नव्हे, तर पोटासाठी थोडा द्राक्षारस घेण्याचा सल्ला दिला. ज्याच्या अंगावरचे रुमाल नेऊन लोक बरे होत असे प्रेषितांची कृत्ये सांगते, त्याच पौलाच्या अवतीभवती न बरे झालेली ही माणसे आहेत. ही नोंद ठेवणाऱ्यांचा मी आभारी आहे.

याकोबाच्या पत्रातील जे वचन आजाऱ्यांपुढे नेहमी वाचले जाते, त्यातही एक गोष्ट निसटते. आजाऱ्याने करायचे ते एवढेच, की मंडळीच्या वडिलांना बोलवायचे. यायचे त्यांनी, तेल लावायचे त्यांनी, विश्वासाची प्रार्थना करायची तीही त्यांनीच. "तुझा विश्वास कमी पडला" असे आजाऱ्याला म्हणण्यास या वचनात कोठेही आधार नाही. पुष्कळ शतके पाश्चात्त्य मंडळीत हा तेलाचा विधी मरणाऱ्याच्या शेवटच्या घटकेसाठी राखून ठेवला गेला होता. कॅथलिक मंडळीने १९७२ मध्ये त्याची नवी मांडणी केली तेव्हा तो पुन्हा गंभीर आजाऱ्यांचा विधी झाला आणि प्रसंगी एकाहून अधिक वेळा घेता येऊ लागला. मी त्या मंडळीचा नाही, पण दीर्घ आजारात हे वारंवार घेता येणे मोलाचे आहे, असे माझे मत आहे.

शेवटी स्वतःविषयी थोडे. निवृत्तीनंतर दोन वर्षांनी मला पार्किन्सन्सचे निदान झाले. या आजारात अक्षर बारीक होत जाते. माझी जुनी प्रवचने पाहिली की वर्षागणिक ओळ आकसत गेलेली दिसते. मागील वर्षी प्रभुभोजनाच्या (चर्चमधील भाकर आणि द्राक्षारसाच्या विधीच्या) वेळी हाताच्या कंपाने माझा प्याला सांडला. ज्या हातांनी हजारो लोकांना प्याला दिला, तेच हात. शेजारच्या बाकावरील एका शाळकरी मुलाने काही न बोलता आपला प्याला माझ्या ओठांशी धरला. सांत्वन या विषयावर मी किती प्रवचने केली, हे मला मोजता येणार नाही. त्यांतील एकात तरी मी ही गोष्ट सांगू शकलो असतो, तर बरे झाले असते.

सोबती

माझ्या पत्नीला मल्टिपल स्क्लेरोसिस (मेंदू व मज्जारज्जूचा दीर्घ आजार) आहे. पुढच्या महिन्यात चौदा वर्षे होतील. मी आजारी नाही, पण आजारात राहतो, म्हणून लिहितो.

पाळकसाहेब, आपल्या उत्तराने मला धीर आला, तरी एका बाबतीत मी आपल्याशी सहमत होऊ शकत नाही. आमच्या घरी ईयोबाच्या शेवटच्या अध्यायावर बोलायचे नाही, असा अलिखित करार आहे. त्याला दुप्पट मेंढरे मिळाली आणि नवी दहा मुले झाली, हे वाचून माझी पत्नी एकदा म्हणाली होती, "पहिल्या दहांची नावे तरी लिहायची." त्या दिवसापासून तो शेवट मला सांत्वन म्हणून वाचता आलेला नाही. प्रार्थनेविषयी आपण सांगितलेले मात्र मी तिला आज रात्री सांगणार आहे.

ताई, माझ्या पत्नीने जवळजवळ दीड वर्ष प्रार्थना केली नाही. शब्दच येत नाहीत, असे ती म्हणायची. मी सुरुवातीला तिला आग्रह करीत असे, वचने दाखवीत असे, आणि त्यावरून आमची भांडणे होत. मग मार्कच्या दुसऱ्या अध्यायातील पक्षाघाती माणसाची गोष्ट मी जरा नीट वाचली. चौघे त्याला उचलून आणतात, गर्दीमुळे दार गाठता येत नाही म्हणून छप्पर उसकटून त्याला खाली सोडतात, आणि येशू "त्यांचा विश्वास पाहून" बोलतो. खाटेवरचा माणूस त्या सगळ्या प्रसंगात एक शब्दही बोलत नाही. त्याचा विश्वास होता की नव्हता, कोणी विचारलेही नाही. तेव्हापासून मी तिला आग्रह करणे सोडले आणि तिच्या वाट्याची प्रार्थना तिच्या शेजारी बसून हळू आवाजात म्हणू लागलो. ती ऐके किंवा झोपी जाई.

हे फार उदात्त वाटेल, म्हणून पुढचेही सांगितले पाहिजे. वर्षभराने माझेही शब्द आटले. रात्री तिसऱ्यांदा उठून कूस बदलून देणाऱ्या माणसाच्या मनात जे येते, ते प्रार्थना या नावाखाली खपत नाही. त्या काळात एक जोडपे दर गुरुवारी आमच्याकडे येई आणि आम्हा दोघांसाठी प्रार्थना करी. गोष्टीत खाट उचलणारे चौघे का आहेत, ते मला तेव्हा कळले. दोघांना ती इतके दिवस पेलत नाही.

आणखी एक प्रसंग आमच्या उपयोगी पडला. एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागतो, तेव्हा देवदूत त्याला उपदेश करीत नाही. त्याला झोपू देतो, उठवून भाकर आणि पाणी देतो, पुन्हा झोपू देतो, पुन्हा खायला देतो. वाट तुझ्या शक्तीपलीकडची आहे, हे तो कबूल करतो. बोलणे चाळीस दिवसांनंतरचे आहे. ज्या दिवशी आमच्याकडे काहीच होत नाही, त्या दिवशी झोप आणि जेवण एवढीच आमची उपासना असते.

वाटसरू

मला उत्तर देता येणार नाही. मी नुकताच या वाटेला लागलो आहे, निदान होऊन चार महिने झाले आहेत. वरचे सगळे दोनदा वाचले. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र काढून ठेवले आहे, अजून वाचायचे धाडस झालेले नाही.

रात्रपाळी

मी परिचारिका आहे आणि बरीच वर्षे वेदनाशमन विभागात काम करते. माझ्या स्वतःच्या विश्वासाविषयी विचाराल तर मार्कच्या नवव्या अध्यायातील त्या बापाचे वाक्य पुरेसे होईल: "माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका." काही आठवडे त्यातील पूर्वार्ध खरा असतो, काही आठवडे उत्तरार्ध.

"प्रार्थनेला खोटे पाडते आहे" हे ताईंचे शब्द मला सहन झाले नाहीत, म्हणून एक माहिती देते. २००६ मध्ये अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. हृदयाची बायपास शस्त्रक्रिया झालेल्या १,८०२ रुग्णांचे तीन गट केले होते आणि त्यांतील दोन गटांसाठी अनोळखी लोकांनी प्रार्थना केली. शस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंतीत प्रार्थनेमुळे घट झाल्याचे आढळले नाही. उलट, आपल्यासाठी प्रार्थना होत आहे हे ज्यांना निश्चित सांगितले होते, त्या गटात गुंतागुंत थोडी अधिक, म्हणजे ५९ टक्के रुग्णांत दिसली. ज्यांना खात्रीने काही सांगितले नव्हते त्या दोन गटांत ती ५२ आणि ५१ टक्के होती. असे का झाले असावे याविषयी संशोधकांनी केवळ अंदाज व्यक्त केले, त्यांतला एक असा, की "माझी प्रकृती इतकी वाईट आहे का, की माझ्यासाठी प्रार्थना करावी लागते?" असे दडपण रुग्णावर आले असावे. या अभ्यासावरून देव आहे की नाही हे ठरत नाही, आणि प्रार्थना गोळीसारखी मोजता येते असेही मला वाटत नाही. पण बरे होऊन दाखवण्याचे ओझे काय असते, हे मी खाटांजवळ उभी राहून पाहिले आहे, आणि ताई तेच ओझे नऊ वर्षे वाहत आहेत.

आमच्या विभागात सिसिली साँडर्स यांचे नाव आदराने घेतले जाते. परिचारिका, मग समाजसेविका आणि मग डॉक्टर झालेल्या या ख्रिस्ती बाईंनी १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस (मरणासन्न रुग्णांची काळजी घेणारे केंद्र) सुरू केले. वेदना एकट्या शरीराची नसते. तिच्यात मनाचे, नात्यांचे आणि आत्म्याचे दुखणे मिसळलेले असते, असे त्यांनी मांडले. त्यातील कोणत्याही एका भागाने दुसऱ्याचे काम करायचे नसते. विश्वासाने मॉर्फिनचे काम करू नये, आणि मॉर्फिनने विश्वासाचे.

म्हणून दोन रुक्ष गोष्टी. मेथोट्रेक्सेटच्या मळमळीसाठी फॉलिक ॲसिड बहुधा दिले जाते. ते आपण घेत असाल, तरी शनिवारचा दिवस इतका वाईट जातो हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा, कारण मात्रा किंवा औषध देण्याची पद्धत बदलून पाहता येते. नऊ वर्षे झाली म्हणून रुग्ण ते सांगणेच सोडून देतात. दुसरे असे की, अशा आजारांत नैराश्य पुष्कळ आढळते. प्रार्थना सुकणे आणि नैराश्य या वेगळ्या गोष्टी आहेत, पण बाहेरून त्या सारख्या दिसतात. झोप, भूक, आवडत्या गोष्टींतला रस हेही सगळे दोन आठवड्यांहून अधिक काळ गेले असेल, तर त्यावर उपचार घ्यावेत. त्याने विश्वासाला उणेपणा येत नाही.

ओंजळ

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला दहा दिवस लागले, कारण मधले काही दिवस हाताने लिहिणे किंवा टंकणे शक्य नव्हते.

रात्रपाळी ताई, मी डॉक्टरांशी बोलले. फॉलिक ॲसिड चालू होतेच. आता त्यांनी गोळीऐवजी इंजेक्शन घेऊन पाहण्यास सुचवले आहे. शनिवारविषयी मी त्यांना यापूर्वी कधीच सांगितले नव्हते, हे मला तेथे बसल्यावर कळले. झोप आणि भूक ठीक आहे.

तिसरी खुर्ची भाऊ, अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र मी सकाळी बोटे उघडण्याची वाट पाहताना मोबाइलवर ऐकते. पहिल्या दिवशी रडू आले. चौथ्या दिवशी हसू आले, कारण आपण नऊ वर्षे देवाशी किती अदबीने खोटे बोलत होतो, हे ध्यानात आले. शांती खरी की समजूत, हा प्रश्न अजून सुटलेला नाही. पण ती आली की तिची उलटतपासणी घेणे मी सध्या थांबवले आहे.

पाळकसाहेब, ईयोबाकडे मित्रांना पाठवल्याचे आपण लिहिलेत, ते वाचून मी एक केले. आजाऱ्यांची यादी वाचणाऱ्या भावांना मी फोन केला आणि माझ्या नावापुढचे "पूर्ण आरोग्यासाठी" हे शब्द काढून "शनिवारच्या दिवसासाठी" असे लिहिण्यास सांगितले. ते काही क्षण गप्प राहिले आणि मग म्हणाले, "हे मला मागता येईल." मग मी त्यांना विचारले की तुमच्यासाठी मी काय मागू. इतक्या वर्षांत मी त्यांना हे कधी विचारले नव्हते. त्यांनी जे सांगितले ते येथे लिहिण्यासारखे नाही, पण ते माझ्याकडे आहे.

सोबती, आपल्या पत्नीचे "पहिल्या दहांची नावे तरी लिहायची" हे वाक्य मला पटले, असे त्यांना कळवा. वाटसरू, ते स्तोत्र एकट्याने वाचण्याची गरज नाही. सकाळी साडेसहाला मी ते लावते.

तिसरी खुर्ची भाऊ, आपले वार कोणते, तेवढे सांगाल का?

तिसरी खुर्ची

सोमवार, बुधवार आणि शुक्रवार, सकाळी सात ते अकरा. सुई सव्वासातला लागते. आपला शनिवार मी लिहून घेतला आहे.